कोरड्या दिवसाचे पाप

अरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक साधा दिसणारा प्रश्न उपस्थित केला आहे. भर समुद्रात वादळ झाले, गलबत बुडण्याच्या बेतात आले आणि ते हलके करण्यासाठी खलाशांनी आतील माल पाण्यात फेकून दिला, तर ही कृती स्वखुशीची म्हणावयाची की नाइलाजाची? कोणीही शहाणा मनुष्य आपला माल उगाच समुद्रात टाकीत नाही. परंतु जिवावर बेतले असता शहाणा मनुष्य नेमके तेच करतो. तेव्हा अरिस्टॉटलच्या मते अशी कृती मिश्र होय. तिच्यात सक्ती आहे आणि इच्छाही आहे. पण त्या क्षणी हात हलविणारा आपणच असल्यामुळे ती अधिक करून स्वेच्छेचीच मानली पाहिजे. पुढे सोळाशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी हेच उदाहरण आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात घेतले आणि जवळपास तोच निर्णय दिला.

गुरुविद्यालयात हा पाठ शिकताना आम्हांला त्यात काही अवघड वाटले नव्हते. माल म्हणजे धान्याची पोती आणि तेलाचे बुधले. ते गेले तर गेले. परंतु वादळात फेकावयाचा माल नसून सोडावयाची होडी असेल, त्या होडीत माणसे बसलेली असतील, आणि दोराशी उभ्या असलेल्या माणसाचा हात भयाने एका क्षणाने आधी किंवा एका क्षणाने उशिरा चालला असेल, तर त्या कृतीचे काय? ती त्याची, की वादळाची?

साकीनाक्याहून समुद्र दिसत नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याची कधी न संपणारी वाहतूक, डोक्यावरून धावणारी मेट्रो, खैरानी रोडच्या गाळ्यांतून येणारा लेथ मशिनचा आवाज, इतकेच येथे दिसते आणि ऐकू येते. तरी आमच्याकडील कॅथलिक कुटुंबांच्या घरात समुद्र आहेच. मूळ गावच्या ईस्ट इंडियन घरांत, गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या घरांत, कोणाचा मुलगा टँकरवर आहे, कोणाचा जावई क्रूझच्या भटारखान्यात, कोणी समुद्रातील तेलविहिरींवर वेल्डर किंवा रंगारी म्हणून जातो. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला मेणाची बोट घेऊन जाणाऱ्या आईला, ती बोट कशासाठी, असे विचारावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न आम्हांला ग्रंथातला वाटत नाही. शिवाय समुद्रावर कधी न गेलेल्यांशीही त्याचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईल.

प्रथम होडी उतरविणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी असते की, जहाज बुडू लागले की लाइफबोट सोडायची, तीत बसायचे आणि निघून जायचे. एका निवृत्त सारंगाने ही समजूत आमच्यापुढे एका वाक्यात खोडून काढली होती. “फादर, ही काही विहिरीत पोहरा सोडण्यासारखी गोष्ट नाही, हा पोहरा दोन दोरांचा असतो.” लाइफबोट जहाजाच्या कुशीला दोन लोखंडी हातांवर टांगलेली असते. त्यांना डेव्हिट म्हणतात. पुढच्या टोकाला एक दोर, मागच्या टोकाला एक दोर, आणि प्रत्येक दोराच्या शेवटी एक आकडा. दोन्ही दोर सारख्या गतीने सुटले पाहिजेत. होडी पाण्याला टेकून तरंगू लागली की दोन्ही आकडे एकाच वेळी उघडले पाहिजेत. एक उघडला आणि दुसरा अडकला, तर होडी एका टोकावर उभी लटकते आणि आतील माणसे सांडतात.

हे शांत पाण्यात. खवळलेल्या समुद्रात पाण्याची पातळी म्हणून काही उरत नाही. लाट होडीला खालून उचलते तेव्हा दोर सैल पडतात. लाट खाली जाते तेव्हा तेच दोर असा हिसका देतात की लोखंडाचीही परीक्षा व्हावी. जहाज एका अंगावर कलले असेल, तर उंचावलेल्या बाजूची होडी जहाजाच्या अंगावर घासत, आपटत खाली येते, आणि कललेल्या बाजूची होडी इतकी दूर झोके घेते की माणसांना तीत पाय ठेवता येत नाही. रात्र असते, इंजिन बंद पडलेले असते, दिवे गेलेले असतात. वाऱ्यापुढे ओरडून दिलेला हुकूम दहा पावलांवर पोहोचत नाही. आकडा सोडावयाचा क्षण लाटेच्या माथ्यावरचा असतो, आणि तो येऊन जातो तोवर आला होता हेही कळत नाही.

अशा ठिकाणी चूक झाली तर चूक कोणाची?

१९२८ सालच्या नोव्हेंबरात ‘व्हेस्ट्रिस’ नावाची ब्रिटिश प्रवासी बोट न्यूयॉर्कजवळून दक्षिण अमेरिकेकडे निघाली. वाटेत वादळात ती एका अंगावर कलू लागली. मदतीची हाक देण्यास कप्तानाने फार वेळ लावला. अखेर १२ तारखेला होड्या सोडण्याची पाळी आली तेव्हा बायकामुलांना आधी होड्यांत बसविण्यात आले. परंतु ज्या होड्यांत त्यांना बसविले त्या उंचावलेल्या बाजूच्या होत्या, आणि घात झाला तो मुख्यतः त्याच होड्यांचा. शंभराहून अधिक माणसे गेली. बोटीवरचे एकही मूल वाचले नाही. ज्या कोणी त्या मुलांना हात धरून होडीत बसविले, तो मनुष्य दुष्ट नव्हता. सर्व जगाने गौरविलेला नियम तो पाळीत होता. तोच नियम त्या कललेल्या बोटीवर मुलांच्या मुळावर आला. अशा माणसाला पाप लागते काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. घोर पापासाठी गोष्ट गंभीर असावी लागते, तिची पूर्ण जाणीव असावी लागते आणि तिला पूर्ण संमती असावी लागते, हे पहिल्या कोमन्यावाल्या मुलांनाही आपण शिकवितो. गंभीर गोष्ट येथे आहे. पण जाणीव नाही आणि संमती तर मुळीच नाही. भयाने बुद्धी झाकोळली असता मनुष्याचा दोष कमी होतो, क्वचित नाहीसाही होतो, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे, आणि ती फार माणुसकीची आहे.

पण येथेच थांबले तर सर्वच सुटतात. वादळाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. म्हणून आमच्या जवळच्या समुद्रातील एका घटनेकडे वळणे भाग आहे.

२०२१ सालच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर, हीरा तेलक्षेत्रात, ‘पी-३०५’ नावाचे बार्ज नांगरलेले होते. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांचे ते तरंगते वसतिगृह. त्याला स्वतःचे चालण्याचे इंजिन नव्हते. त्यावर २६१ माणसे होती. पुष्कळ नौका बंदराकडे परतल्या. हे बार्ज राहिले. १६ मेच्या रात्रीनंतर नांगर तुटले, बार्ज भरकटले, एका तेलफलाटावर आदळले, त्याला भोक पडले आणि १७ तारखेच्या संध्याकाळी ते बुडाले. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टग बोटही बुडाली. तिच्यावर १३ जण होते. दोन्ही मिळून २७४ माणसे. त्यांपैकी १८८ वाचली, ८६ गेली. नौदलाच्या ‘कोची’, ‘कोलकाता’ आदी युद्धनौकांनी त्या काळोखात, डोंगरासारख्या लाटांतून, एकेक माणूस वर ओढून घेतला. गेल्या चार दशकांतील अत्यंत कठीण बचावकार्यांपैकी हे एक होते, असे नौदलाने सांगितले. काही मृतदेह पुढे कित्येक दिवस रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्यावर लागत होते.

बार्जवर तराफे होते. हवेने फुगणारे, गोल, नारिंगी तराफे. पाण्यात टाकले की उघडावेत असे. बचावलेल्यांनी वृत्तपत्रांना जे सांगितले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली : तराफे टाकावयास गेले तेव्हा त्यांतील बरेचसे फाटलेले, निकामी निघाले. मग लोक जीवरक्षक जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरले आणि रात्रभर तरंगत राहिले.

काही दिवसांनी पोलिसांनी गुन्हा नोंदविला. तो बार्जच्या कप्तानावर व इतरांवर होता. कप्तान त्या वेळी समुद्रात बेपत्ता होता. कायद्याची पद्धत आम्हांला कळते. कोठून तरी आरंभ करावाच लागतो. तथापि वादळात जो शेवटपर्यंत उभा होता त्याचे नाव कागदावर सर्वांत आधी यावे, यात मनुष्यस्वभावाची एक जुनी खोड दिसते. शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा, असे मानले की हिशेब लवकर मिटतो.

संत थॉमस यांच्याकडे या खोडीवर उत्तर आहे, आणि योगायोग असा की तेही जहाजाचेच आहे. माणूस कृती करून जसा एखाद्या परिणामाचा कर्ता होतो, तसाच कृती न करताही होतो, हे सांगताना ते सुकाण्याचे उदाहरण देतात. सुकाण्याने सुकाणू सोडून दिले आणि जहाज बुडाले, तर ते बुडणे त्याच्या माथी येते. पण ते लगेच दोन अटी घालतात. जहाज चालविणे त्याला शक्य असले पाहिजे, आणि ते त्याच्यावर सोपविलेले असले पाहिजे. या दोन अटींचा कंदील घेऊन कोणत्याही दुर्घटनेच्या आत शिरावे. वादळाच्या रात्री फाटक्या तराफ्याशी झगडणाऱ्या खलाशाला तो तराफा दुरुस्त करणे शक्य होते काय? नव्हते. मग कोणाला शक्य होते आणि कोणावर ते सोपविलेले होते? असे विचारू लागले की आपण वादळातून बाहेर पडतो आणि मागे मागे जातो. तराफ्याची तपासणी ज्या दुपारी व्हावयाची होती त्या दुपारकडे, बार्ज हलवावे की न हलवावे हे ज्या खोलीत ठरले त्या खोलीकडे. त्या दुपारी ऊन पडलेले होते. त्या खोलीत पंखा चालू होता. कोणाचाही हात थरथरत नव्हता.

नीतिशास्त्रात याला एक लॅटिन नाव आहे : ‘व्होलुंतारियुम इन काउसा’, म्हणजे परिणाम नव्हे, पण त्याचे कारण स्वेच्छेने पत्करलेले. दारू प्यायलेल्या चालकाला अपघात हवा नव्हता, हे खरेच. पण पेला त्याने शुद्धीत असताना उचलला होता. आम्हांला असे वाटते की, समुद्रावरील बहुतेक पापे या जातीची असतात. ती कोरड्या दिवशी घडतात आणि भरतीच्या रात्री उघडी पडतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खलाशांकडूनच येईल. तो आम्ही ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाज सोडण्याचा सराव दर महिन्याला व्हावयाचा असतो. प्रत्येक लाइफबोट तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष पाण्यात उतरवून चालवावयाची असते. पण हा सरावच जीव घेतो. २००१ साली ब्रिटनच्या सागरी अपघात तपासणाऱ्या सरकारी शाखेने दहा वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा लाइफबोटी आणि त्या उतरविण्याच्या यंत्रणांच्या अपघातांत १२ खलाशी मेलेले आणि ८७ जखमी झालेले आढळले. ही माणसे बुडत्या जहाजावर नव्हती. शांत बंदरात, अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली, ती सराव किंवा चाचणी करीत होती, आणि आकडा अवेळी उघडला. तारणासाठी केलेली वस्तूच मारू लागली तर खलाशी तिला भितो, सराव टाळतो, आणि नोंदवहीत मात्र ‘सराव झाला’ अशी ओळ पडते. सही करणारा अधिकारी म्हणतो, “माझी माणसे धड राहिली, यात पाप कसले?”

यातील अर्धा भाग आम्ही मान्य करतो. धोकादायक आकड्यावर माणसांना लटकविण्यास नकार देणारा अधिकारी आपले कर्तव्यच करतो. पण त्याने तो नकार मोठ्याने द्यावयास हवा. कंपनीला लिहून कळवावयास हवे की ही होडी उतरविण्याजोगी नाही. असे अनेकांनी कळविले, अपघातांचे अहवाल लिहिले गेले, म्हणून तर २०११ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या आकड्यांचे नियम बदलले. खोटी ओळ मात्र कोणालाच काही कळवीत नाही. उलट, पुढे त्याच जहाजावर येणाऱ्या माणसाला ती सांगते की सर्व ठीक आहे. तो बिचारा त्या ओळीवर विश्वास ठेवून होडीत पाय घालतो. खोटे बोलणे हे एरवी दोन माणसांतले पाप; हे खोटे अजून न आलेल्या माणसाशी बोललेले असते.

आता साकीनाक्याला परत येऊ. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे खैरानी रोडवरील फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली. कामगार कामाच्या जागीच झोपले होते. आतला पोटमाळा कोसळला, बाहेर पडण्याची वाट बंद झाली आणि १२ जण गेले. नाताळला आठवडा उरला होता. आमच्याकडे गोठ्याची तयारी चालू होती. त्या गाळ्यावर लाट आली नव्हती, पण प्रश्न तोच होता : बाहेर पडण्याची वाट कोणी, कोणत्या दिवशी, किती आरामात बुजविली? या परिसरात असे किती गाळे आहेत ते वाचकांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. पोटमाळ्यावर माणसे झोपवावयाची आणि खाली गॅसचे सिलिंडर ठेवावयाचे. दाराशी कच्चा माल रचावयाचा. आग विझविण्याच्या नळकांड्यावरील तारीख उलटून गेली तरी ते भिंतीवर शोभेला ठेवावयाचे. ज्यांचा समुद्राशी संबंध नाही असे वाचक येथे सापडतील. कोणी गाळ्याचे मालक आहेत, कोणी भाडे घेतात, कोणी तपासनीस आहेत, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. आमच्या देवळाच्या सभागृहालाही दोन दारे आहेत, आणि लग्नसराईत त्यांतील एकाला खुर्च्यांची चळत टेकवून ठेवण्याची पद्धत पडली होती. ती आता बंद करण्यात आली आहे. केटररची थोडी कुरकुर चालू असते.

तत्त्वज्ञांना लाइफबोट फार आवडते. १९७४ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सारे जग लाइफबोटींनी भरलेला समुद्र कल्पून, श्रीमंत देशांच्या होडीत गरिबांना घेतले तर होडी बुडेल, म्हणून घेऊ नये, असा युक्तिवाद केला. तो वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट खटकते. त्याच्या कथेत होडी आधीच पाण्यात आहे, आत बसलेले आधीच बसलेले आहेत आणि बाहेरचे आधीच बुडत आहेत. ती होडी कोणी उतरविली, ती अर्धी रिकामी का निघाली, बुडणाऱ्यांचे तराफे कोणी फाडले, हे विचारण्याची तेथे सोयच नाही. ‘टायटॅनिक’ची उतरलेली पहिली होडी ६५ जणांची होती आणि तीत सुमारे २८ जण होते. खऱ्या समुद्रावर जागा संपण्याआधी विवेक संपतो. कोणाला बाहेर फेकावे, या प्रश्नावर बुद्धी पाजळणे सोपे आहे. दोर तपासणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि त्यावर कोणी ग्रंथ लिहीत नाही.

पवित्र बायबलात मात्र होडी सोडण्याचा एक प्रसंग आहे, आणि तो भलताच अचूक आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. संत पौल कैदी म्हणून रोमला निघाले आहेत. हिवाळा तोंडावर आला आहे. सुरक्षित बंदरात असताना पौल इशारा देतात की पुढे जाण्यात धोका आहे. पण शताधिपतीचा विश्वास कैद्यापेक्षा सुकाण्यावर आणि जहाजाच्या मालकावर अधिक. हिवाळा काढावयास ते बंदर सोयीचे नव्हते, आणि बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने पडले. कोरडा दिवस तो हाच. मग वादळ येते. माल फेकला जातो, जहाजाचे साहित्य फेकले जाते. चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. तेव्हा नाळेकडून नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी लहान होडी पाण्यात सोडतात. त्यांना पळून जावयाचे आहे. पौल शताधिपतीला सांगतात की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात.

हा प्रसंग प्रवचनात आम्ही अनेकदा घेतला आहे, आणि दर वेळी त्याचा थोडा त्रास होतो. खलाशांना भित्रे ठरवून मोकळे होता येते. पण चौदा रात्री न झोपलेल्या, अन्न न घेतलेल्या माणसांची ती भीती होती. आणि शिपायांनी केले ते तरी बरोबर होते काय? पौलांनी माणसे थांबवा म्हटले होते. होडी कापा असे म्हटल्याचे लिहिलेले नाही. ती होडी सकाळी उपयोगी पडली असती. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी जहाजाच्या मोडक्या लाकडांवर किनारा गाठला, त्याऐवजी दुबळ्यांना होडीतून नेता आले असते. म्हणजे येथेही घाईच्या हाताने हुकुमाहून अधिक कापले. तरीही ग्रंथकर्ता ना खलाशांना शाप देतो, ना शिपायांना दोष देतो. दोर तुटल्यावर पुढच्याच ओळींत पौल सर्वांना जेवून घ्यावयास सांगतात, भाकर हाती घेतात, देवाचे आभार मानतात आणि मोडतात. जहाजावर २७६ माणसे होती. पळू पाहणारे खलाशीही त्यांत होते, आणि त्या सर्वांनी खाल्ले. पौल बोल लावतात तो एकदाच, थोडा आधी, आणि तो त्या पहिल्या निर्णयाबद्दल : माझे ऐकून तुम्ही निघावयाचे नव्हते.

दोष कोरड्या दिवसाला आणि भाकर वादळातल्या माणसाला, अशी ही वाटणी आम्हांला पटते. न्यायालयांना ती नेहमी जमणार नाही. धर्मगुरूला जमली पाहिजे. अपघातातून वाचून आलेला मनुष्य जेव्हा म्हणतो की, फादर, त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी सोडला, तेव्हा त्याला ‘तू निर्दोष आहेस’ असे सांगून भागत नाही. त्याची ती मागणीच नसते. त्याला जे झाले ते सांगावयाचे असते, आणि ते कोणी पुरते ऐकून घ्यावे असे वाटत असते. हात सुटणे म्हणजे सोडणे नव्हे, हा भेद नीतिशास्त्रात एका ओळीचा आहे. एका माणसाला तो पटावयास वर्षे लागतात, आणि तोवर मिस्साला त्याच्या शेजारी कोणी तरी बसावे लागते. याउलट ज्याने तपासणी न करता सही केली तो मनुष्य बहुधा येतच नाही. त्याला रात्री कोणाचा हात आठवत नाही. त्याच्याजवळ आठवण अशी काही नसतेच. एक तारीख आणि एक सही असते. मिस्साच्या आरंभी आपण जी कबुली देतो तिच्यात पूर्वी विचार, शब्द आणि कृती एवढ्यांचाच उल्लेख असे. १९७० च्या मिस्साग्रंथात न केलेल्या कर्तव्याचीही त्यांत भर पडली. ती भर कोणासाठी आहे हे ज्याने त्याने त्या घटकेला आपल्याशी पाहावे. आम्ही वेदीवरून जमावाकडे पाहत असतो, आणि तो शब्द सर्वांत भराभर उच्चारला जातो.

अरिस्टॉटलच्या मालाकडे एकदा पुन्हा पाहावयाचे राहिले. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. भर पावसाळा, आणि अमावास्येमुळे गावी जाणाऱ्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती पालथी झाली. होड्या सोडण्याइतका अवधी मिळालाच नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि दिवस कलेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. त्या सुमारास रेवसचे कोळी मासळी भरून मुंबईच्या बाजाराला येत होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसे घेतली, अशी हकिगत तेव्हापासून त्या किनाऱ्यावर सांगितली जाते. सत्तर-पंचाहत्तर जीव त्यांनी वाचविले असे म्हणतात. त्यांची स्वतःची होडी बुडत नव्हती. माल टाकल्याने त्यांचा जीव वाचणार नव्हता; उलट बुडणारा माणूस कडेला लटकला की होडी उलटण्याची भीती अधिक. आणि ते काही तासन्‌तास विचार करीत बसले नव्हते. त्यांनाही क्षणच मिळाला होता. परतीला त्यांच्या होड्यांत मासळीच्या विक्रीचा एक पैसाही नव्हता, आणि घरी त्या आठवड्याची चूल त्याच मासळीवर पेटावयाची होती.